एनग्रामच्या शोधात: सायंटॉलॉजीच्या जन्माची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा लॉस एंजेलिसला आले. घरी पाहुणे आले की इथली सगळी मराठी मंडळी जे करतात तेच मीही केलं. शनिवारी त्यांना गाडीत बसवून हॉलिवूड बुलेव्हारवर नेलं. फुटपाथवरचे तारे, चायनीज थिएटरसमोरचे नटनट्यांच्या हातापायांचे ठसे, स्पायडरमॅनचा वेश घालून फोटोचे पैसे मागणारी माणसं. आई दोनदा म्हणाली, "एवढंच का?" बाबा मात्र थोडं पुढे जाऊन एका टेबलापाशी थांबले होते. टेबलावर ज्वालामुखीचं चित्र असलेल्या पुस्तकांची चवड होती, 'मोफत स्ट्रेस टेस्ट' अशी पाटी होती आणि एक छोटं यंत्र होतं. यंत्रातून दोन वायरी निघालेल्या, त्यांच्या टोकांना दोन नळकांडी.

मी पोचेपर्यंत बाबांनी ती हातात धरलीही होती. समोरच्या तरुण मुलीनं अदबीनं सांगितलं, "ज्याच्या आठवणीनं त्रास होतो असं एखादं माणूस मनात आणा." काटा हलला. "आत्ता कोण आठवलं?" बाबा नुसते हसले, थँक्यू म्हणाले आणि नळकांडी खाली ठेवली.

रात्री वरणभात कालवताना ते एकदम म्हणाले, "मला तुझा काका आठवला." हा काका म्हणजे बाबांच्या पाठचा भाऊ. तो एकोणिसाव्या वर्षी गेला, एवढंच मला माहीत होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. त्या रात्री बाबा तासभर बोलले. आईही हातातलं काम सोडून ऐकत बसली.

मी पोस्टडॉक आहे. आठवण मेंदूत कुठे आणि कशी साठते यावर आमच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम चालतं. 'एनग्राम' म्हणजे आठवणीचा मेंदूत उमटलेला ठसा. हा शब्द माझ्या तोंडी दिवसातून दहा वेळा येतो. ज्वालामुखीच्या चित्राच्या त्या पुस्तकात, एल. रॉन हबर्डच्या 'डायनेटिक्स'मध्ये, हाच शब्द पानोपानी आहे. सायंटॉलॉजी म्हटलं की टॉम क्रूझ, परग्रहवासी आणि कोर्टकचेऱ्या एवढंच आपल्याला आठवतं. माझंही तसंच होतं. पण माझ्या वडिलांना ज्या यंत्रानं बोलतं केलं, ते आलं कुठून हे मला शोधावंसं वाटलं. त्या शोधाची ही गोष्ट.

एक शब्द, दोन माणसं

'एनग्राम' हा शब्द हबर्डचा नाही. रिचर्ड सेमॉन या जर्मन जीवशास्त्रज्ञानं तो १९०४ साली घडवला. प्रत्येक अनुभव पेशींमध्ये काही टिकाऊ खूण सोडून जातो, असं त्याचं म्हणणं होतं. अशी खूण कुठे असते हे दाखवण्याचं साधन त्या काळी कुणाकडेच नव्हतं.

ती खूण शोधण्यात ज्यानं उमेदीची वर्षं घालवली, तो अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणजे कार्ल लॅशली. तो उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवी, मग त्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचा एकेक भाग काढून टाकी आणि वाट आठवते का ते पाही. कुठला भाग काढला यापेक्षा किती काढला यावर विसरणं अवलंबून आहे, असंच त्याला दिसत राहिलं. आठवणीची नेमकी जागा काही सापडली नाही. सुमारे तीस वर्षांच्या या खटाटोपानंतर त्यानं एक निबंध लिहिला आणि त्याला 'एनग्रामच्या शोधात' अशा अर्थाचं नाव दिलं. हा पुरावा पाहिला की शिकणं ही गोष्टच अशक्य असावी असं कधीकधी वाटतं, अशी थट्टाही त्यानं त्यात स्वतःवर करून घेतली. सापडलं नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे निबंध विज्ञानात कमीच. आमच्या क्षेत्रात तो आजही वाचला जातो.

त्या निबंधाचं साल १९५०. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात हबर्डनं जाहीर केलं की एनग्राम सापडले आहेत, ते पुसूनही टाकता येतात, आणि हे काम कुठल्याही दोन शहाण्या माणसांना घरच्या सोफ्यावर करता येईल.

हबर्ड नावाचा लेखक

लफायेट रॉनल्ड हबर्डचा जन्म १३ मार्च १९११ रोजी नेब्रास्कातल्या टिल्डन गावी झाला. बालपण बरंचसं माँटानात गेलं. वडील नौदलात असल्यामुळे पोरवयात ग्वाम बेट आणि चीन पाहायला मिळाले. पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात त्यानं स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत तो सोडला. अणू-रेणूंच्या भौतिकशास्त्राचा एक विषय त्यानं घेतला होता, त्यात तो नापास झाला. नंतर मात्र तो स्वतःची ओळख अणुशास्त्रज्ञ अशी करून देत असे.

त्याचा खरा पेशा लेखकाचा. १९३० च्या दशकात अमेरिकेत स्वस्त कागदावर छापलेल्या 'पल्प' मासिकांची चलती होती. शब्दाला एक सेंट अशा दरानं तिथे साहसकथा, काउबॉयकथा, भुताच्या कथा लागत. हबर्ड विलक्षण वेगानं लिही. १९३८ पासून तो 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' मासिकात लिहू लागला. त्याचा संपादक जॉन कॅम्बेल हा विज्ञानकथेच्या सुवर्णकाळाचा शिल्पकार मानला जातो. आयझॅक असिमोव्ह, रॉबर्ट हाइनलाइन ही त्याचीच माणसं.

दुसऱ्या महायुद्धात हबर्ड नौदलात अधिकारी होता. १९४३ मध्ये पाणबुड्यांच्या मागावरच्या एका छोट्या जहाजाची जबाबदारी त्याला मिळाली. ऑरेगनच्या किनाऱ्याजवळ त्यानं दोन-तीन दिवस शत्रूच्या पाणबुड्यांशी झुंज दिली. तिथे पाणबुडी नव्हतीच, असा निष्कर्ष वरिष्ठांनी काढला. पुढच्याच महिन्यात त्याच्या जहाजानं मेक्सिकोच्या हद्दीतल्या बेटांच्या दिशेनं तोफांचा सराव केला आणि त्याच्याकडून जहाज काढून घेतलं गेलं. युद्धाचा शेवट त्यानं कॅलिफोर्नियातल्या ओक नॉल नौदल रुग्णालयात पाहिला. युद्धानं आपल्याला आंधळा-पांगळा केलं आणि आपण मनाच्या बळावर बरे झालो, असं तो पुढे सांगे. नौदलाच्या कागदांत मुख्यतः पोटातल्या अल्सरची नोंद आहे.

युद्धानंतर तो काही महिने पासाडीनात जॅक पार्सन्स या रॉकेट-शास्त्रज्ञाच्या घरी राहिला. पार्सन्स जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक, आणि रात्री जादूटोण्याचे विधी करणारा. दोघांनी मिळून विधी केले आणि भागीदारीत बोटींचा धंदा काढला. शेवटी हबर्ड पार्सन्सच्या मैत्रिणीला आणि धंद्याच्या पैशांना घेऊन फ्लोरिडाला निघून गेला.

हे सगळं वाचताना हा माणूस सरळसरळ भामटा वाटतो. तसं मी टिपणवहीत लिहिलंही होतं. मग त्याचं १९४७ च्या ऑक्टोबरमधलं एक पत्र वाचनात आलं. माजी सैनिकांच्या सरकारी खात्याला लिहिलेल्या या पत्रात त्यानं मानसोपचार मिळावेत अशी विनंती केली होती. आपल्याला दीर्घकाळ उदासी येते, आत्महत्येचे विचार येतात, असं त्यात होतं. त्यानंतर अडीच-तीन वर्षांनी हाच माणूस मनाच्या सर्व दुखण्यांवर उतारा सापडल्याचं जगाला सांगतो. तो जगाला फसवत होता की स्वतःवर इलाज शोधत होता? मला वाटतं, दोन्ही. आणि पुढे काय झालं ते समजून घ्यायचं तर ही दोन्ही उत्तरं हाताशी ठेवावी लागतात.

सोफ्यावरचं मानसशास्त्र

'डायनेटिक्स'चा पहिला लेख मे १९५० च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये, म्हणजे विज्ञानकथांच्या मासिकात आला. कॅम्बेलला सायनसचा जुना त्रास होता. हबर्डच्या उपचारांनी तो गेला अशी त्याची खात्री पटली होती. जोसेफ विंटर नावाचे मिशिगनचे एक डॉक्टरही बाजूनं उभे राहिले. ९ मे १९५० रोजी पुस्तक बाजारात आलं, त्याला प्रस्तावना डॉ. विंटर यांची. वर्ष संपेपर्यंत त्याच्या सुमारे दीड लाख प्रती खपल्या.

सिद्धान्त असा. मनाचे दोन भाग. एक विचार करणारं मन, ते कधी चुकत नाही. दुसरं प्रतिक्रिया देणारं मन, ते आंधळं. माणूस वेदनेत किंवा बेशुद्धीत असतो तेव्हा पहिलं मन बंद पडतं आणि दुसरं सगळं टिपून ठेवतं: दुखणं, वास, आजूबाजूचे शब्द. हे टिपण म्हणजे एनग्राम. पुढे तसाच शब्द कानावर पडला की जुनं दुखणं उसळतं. दमा, डोकेदुखी, भीती, संताप या सगळ्याचं मूळ इथे. उपाय म्हणजे 'ऑडिटिंग'. एकानं डोळे मिटून पडायचं, दुसऱ्यानं प्रश्न विचारायचे आणि तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा, त्याची धार जाईपर्यंत. सगळे एनग्राम पुसले गेले की माणूस 'क्लिअर' होतो. क्लिअरची स्मरणशक्ती निर्दोष, बुद्धी तल्लख, त्याला सर्दीसुद्धा होत नाही.

दडपलेली आठवण बोलून मोकळं होण्याची कल्पना फ्रॉइड आणि ब्रॉयर यांची. हबर्डनं तिला इंजिनिअरची भाषा दिली. मन म्हणजे गणकयंत्र, एनग्राम म्हणजे यंत्रातला बिघाड, आणि दुरुस्तीचं माहितीपुस्तक हे बघा, चार पैशांत.

हे इतकं का चाललं? त्या काळाकडे पाहिलं की उलगडतं. दीड कोटीहून अधिक अमेरिकी स्त्री-पुरुष युद्धकाळात लष्करी सेवेत होते. अनेक जण रात्री झोपेतून दचकून उठत होते. मनोविश्लेषण श्रीमंतांना परवडणारं. सरकारी मनोरुग्णालयं तुडुंब भरलेली. विजेचे झटके आणि लोबॉटमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे कापणं, हे तिथले नवे उपाय. लोबॉटमीच्या जनकाला, एगास मोनिझला, १९४९ सालचं नोबेल मिळालं होतं. अशा वेळी कुणी म्हणालं की डॉक्टर नको, शस्त्रक्रिया नको, फक्त शेजारच्या मित्राला तासभर समोर बसवा आणि बोला, तर लोक जाणारच. गावोगावी डायनेटिक्सचे गट निघाले. माणसं एकमेकांना आपली दुःखं सांगू लागली. कित्येकांना खरोखर बरं वाटलं. त्यांच्या बरं वाटण्याला मी खोटं म्हणणार नाही. कुणीतरी न टोकता, न हसता, लक्ष देऊन ऐकतं तेव्हा बरं वाटतंच. त्यासाठी एनग्रामचा सिद्धान्त खरा असण्याची गरज नसते.

टायचा रंग

सिद्धान्त खरा आहे का, हे तपासायची वेळ लगेच आली. १० ऑगस्ट १९५० रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये सुमारे सहा हजार लोकांसमोर हबर्डनं एका तरुणीला मंचावर आणलं. ही जगातली पहिली क्लिअर, हिला आयुष्यातला क्षणन् क्षण आठवतो, असं त्यानं सांगितलं. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होती. प्रेक्षकांनी प्रश्न सुरू केले. एक साधं सूत्र विचारलं, तिला आठवेना. मग हबर्डची पाठ तिच्याकडे असताना कुणीतरी विचारलं, यांच्या टायचा रंग कोणता? तिला तोही सांगता आला नाही. लोक उठून जाऊ लागले.

मला रस वाटतो तो हबर्डच्या पुढच्या खुलाशात. तो म्हणाला, चूक माझी. तिला बोलावताना मी 'आत्ता या' असं म्हणालो. त्या 'आत्ता' शब्दामुळे ती वर्तमानात अडकली आणि भूतकाळ तिच्यापासून तुटला.

प्रयोग फसणं हे आमच्या कामात रोजचंच आहे. अशा वेळी दोन वाटा असतात. एक लॅशलीची: आपली कल्पना चुकली असेल, पुन्हा तपासू. दुसरी: कल्पना बरोबरच आहे, म्हणून फसण्याचं कारण बाहेर शोधू. दुसऱ्या वाटेनं गेलं की कल्पना कधीच हरत नाही, पण मग तिच्याकडून शिकायलाही काही मिळत नाही. श्राइनच्या मंचावर हबर्डनं वाट निवडली, असं मला वाटतं.

बाहेरच्या जगाचा कौलही उलटा जात होता. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं ठराव केला की दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, सदस्यांनी हे तंत्र फक्त संशोधनापुरतं वापरावं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ इझिडोर राबी यांनी जानेवारी १९५१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये पुस्तकाची साल काढली. इतकी आश्वासनं आणि इतका कमी पुरावा छपाईच्या शोधापासून कुठल्या पुस्तकात नसेल, असा त्यांचा सूर होता. दाव्याची थेट चाचणी घेणाऱ्या एका प्रयोगाचा अहवाल फॉक्स, डेव्हिस आणि लेबोविट्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एका माणसाला औषधानं बेशुद्ध करून, वेदना देत, भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला छोटा उतारा वाचून दाखवला. सिद्धान्ताप्रमाणे तो शब्दन् शब्द एनग्राममध्ये नोंदला जायला हवा होता. नंतर कित्येक महिने ऑडिटिंग करूनही तो उतारा त्याच्या तोंडून बाहेर आला नाही.

घरचे खांबही ढासळले. ऑडिटिंगच्या ओघात काहींची मनं जास्तच बिघडतात आणि क्लिअर झालेला माणूस आपण एकही पाहिला नाही, हे जाणवून डॉ. विंटर १९५० मध्येच दूर झाले. कॅम्बेलही वर्षभरात गेला. न्यू जर्सीच्या वैद्यक मंडळानं १९५१ च्या जानेवारीत हबर्डच्या संस्थेवर परवान्याविना वैद्यकी शिकवल्याची कारवाई सुरू केली. डॉन पर्सेल या कॅन्ससमधल्या धनिकानं संस्था विचिटा शहरी नेऊन वाचवायचा प्रयत्न केला, पण फेब्रुवारी १९५२ मध्ये तिचं दिवाळं निघालं. 'डायनेटिक्स' या नावावरचा हक्कही काही काळ पर्सेलकडे गेला. पद्धत, पुस्तक, नाव, तिन्ही हबर्डच्या हातून सुटलं होतं.

मागचे जन्म

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण सोफ्यावर पडलेली माणसं भलतंच काही बोलू लागली होती. बालपणाच्या मागे, गर्भावस्थेच्या मागे जाता जाता लोक आधीच्या जन्मांतले मृत्यू सांगत होते. हे आवरा, हा विषयच बंद करा, असा आग्रह संस्थेच्या विश्वस्तांनी १९५० मध्येच धरला होता. विज्ञान म्हणवणाऱ्या संस्थेला ती मोठीच अडचण होती.

हबर्डनं अडचणीचीच वाट केली. १९५२ मध्ये त्यानं नव्या शिकवणीची घोषणा केली: सायंटॉलॉजी. माणूस म्हणजे मन नव्हे, शरीर नव्हे, तर 'थेटन' नावाचं अमर अस्तित्व, आणि त्यानं असंख्य जन्म घेतलेले. आता दुरुस्ती एका आयुष्याची राहिली नाही. टायचा रंग विचारायला मंचावर कुणाला बोलावण्याचीही गरज उरली नाही.

१९५४ च्या फिनिक्समधल्या व्याख्यानांत त्यानं या शिकवणीचं मूळ थेट वेदांपर्यंत नेलं. हे वाचून आपल्यातल्या काहींना गुदगुल्या होतील, म्हणून थोडं थांबते. पुनर्जन्माची स्पष्ट मांडणी ऋग्वेदात नाही, ती उपनिषदांत येते. खरं साम्य शोधायचं तर ते पतंजलीच्या योगसूत्रांत सापडेल. चित्तावर उमटलेले 'संस्कार' प्रत्यक्ष जाणले की पूर्वजन्मांचं ज्ञान होतं, असं तिथे म्हटलं आहे. संस्कार म्हणजे ठसा, एनग्रामला याहून जवळचा शब्द मिळणार नाही. पण पतंजली असल्या सिद्धींना समाधीच्या वाटेतले अडथळे मानतो. हबर्डच्या वाटेवर त्याच पायऱ्या होत्या आणि पायरीगणिक शुल्क होतं.

नळकांडी आणि काटा

बाबांनी हातात धरलेलं यंत्र याच काळात आलं. व्होल्नी मॅथिसन यानं ते बनवलं. तत्त्व शाळेतल्या व्हीटस्टन ब्रिजचं. शरीरातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडायचा आणि त्वचेचा विरोध मोजायचा. माणूस अस्वस्थ झाला की तळहात किंचित घामेजतात, विरोध बदलतो, काटा हलतो. पकड घट्ट-सैल झाली तरी हलतो. म्हणजे यंत्र काहीतरी खरं मोजतं. पण ती आठवण आहे, भीती आहे, लाज आहे की उकडतंय, हे त्याला कळत नाही. ते ठरवतो प्रश्न विचारणारा.

तरीही या 'ई-मीटर'चं ऐतिहासिक महत्त्व मोठं आहे. १९५० मधला गट म्हणजे दोन मित्र आणि एक सोफा होता, त्यात कुणाचीच मक्तेदारी नव्हती. यंत्र आलं, ते वाचायचं प्रशिक्षण आलं, प्रशिक्षणाच्या श्रेणी आल्या. गावोगावचे ऑडिटर उत्पन्नाचा दहावा हिस्सा वर पाठवू लागले. ऐकण्याची कला कुणाच्याही घरातली होती, ती एका केंद्राच्या मालकीची झाली. पहिल्या वेळी नाव आणि हक्क गमावलेल्या हबर्डनं या वेळी काहीच मोकळं सोडलं नाही.

चर्च कसं झालं

१० एप्रिल १९५३ रोजी हबर्डनं हेलन ओब्रायन या आपल्या सहकारी बाईंना पत्र लिहिलं. त्यात केंद्रांना दवाखान्याचं रूप देण्याऐवजी आध्यात्मिक मार्गदर्शनाचं रूप द्यावं, धर्माच्या अंगानं जायचं का ते पाहावं, असा विचार होता, आणि हा प्रश्न व्यवहाराचा आहे असंही त्यानं म्हटलं होतं. त्याच डिसेंबरात न्यू जर्सीत तीन चर्चेस नोंदवली गेली, त्यांतलं एक चर्च ऑफ सायंटॉलॉजी. १८ फेब्रुवारी १९५४ रोजी कॅलिफोर्नियात चर्च स्थापन झालं, आणि १९५५ मध्ये वॉशिंग्टनला.

व्यवहार स्वच्छ होता. रोग बरा करतो म्हटलं तर परवाना हवा, पुरावा हवा. आत्म्याला मुक्त करतो म्हटलं तर अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली घटनादुरुस्ती ढाल होऊन उभी राहते. त्याआधी १९४४ मध्येच बॅलार्ड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की धार्मिक श्रद्धा खरी की खोटी हे ज्यूरीनं ठरवायचं नसतं. शिवाय धर्मसंस्थेला आयकर माफ.

एवढ्यावरून 'कर चुकवायला काढलेला धर्म' असा निकाल देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्या पत्राची हजारो अनुयायांना गंधवार्ता नव्हती. आपण अमर आहोत हे ज्याला ऑडिटिंगच्या खोलीत आतून पटलं, त्याच्यासाठी तो धर्मच होता. संस्थापकाचा हेतू आणि अनुयायाची श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास लिहिताना एकीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही.

जयपूरच्या महाराजांचं घर

१९५९ मध्ये हबर्डनं इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात, ईस्ट ग्रिन्स्टेडजवळ, सेंट हिल मॅनॉर हा वाडा विकत घेतला. विकणारे होते जयपूरचे महाराज सवाई मानसिंह दुसरे, पोलोसाठी जगभर नावाजलेले. संस्थानं विलीन होऊन दहा वर्षं झाली होती. एका जुन्या सत्तेच्या दिवाणखान्यात नवी सत्ता येऊन बसली.

स्थानिक वार्ताहरांना हा नवा शेजारी आधी बागायतीचा संशोधक वाटला. त्यानं टोमॅटोला ई-मीटर जोडला आणि झाडांना वेदना होतात असं सांगितलं, त्याचे फोटो छापून आले. पण हळूहळू जगभरातून विद्यार्थी तिथे येऊ लागले. १९६१ पासून तिथे खास प्रशिक्षणवर्ग चालू झाला. पुढे 'संपूर्ण स्वातंत्र्याकडे नेणारा पूल' नावाचा तक्ता आला. कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, हे त्यावर मांडलेलं. सायंटॉलॉजीचा आजचा सांगाडा याच वाड्यात उभा राहिला.

आणि इथूनच सरकारांशी झगडा पेटला. ४ जानेवारी १९६३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं वॉशिंग्टनच्या चर्चवर छापा घालून शंभरावर ई-मीटर जप्त केले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात केविन अँडरसन यांच्या चौकशी मंडळानं १९६५ मध्ये अत्यंत कठोर अहवाल दिला आणि राज्यानं बंदीचा कायदा केला. ब्रिटनचे आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांनी १९६८ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना सायंटॉलॉजीसाठी देशात यायला मज्जाव केला. तोवर हबर्ड जहाजांचा ताफा घेऊन समुद्रावर गेला होता.

परिणाम काय झाला? प्रत्येक फटक्यानिशी धर्माचं कवच जाड होत गेलं. पाद्र्यांची गळपट्टी आली, क्रूस आले. १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं म्हटलं की ही संस्था धर्म असल्याचं प्रथमदर्शनी दिसतं आणि सरकारनं ते खोडलेलं नाही. १९७१ मध्ये तोडगा निघाला: ई-मीटर धार्मिक कामासाठी वापरा, पण रोगनिदानात किंवा उपचारात त्याचा वैद्यकीय उपयोग नाही अशी सूचना त्यावर लावा. व्हिक्टोरियात बंदी आलेल्या संस्थेलाच १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टानं धर्म म्हणून मान्यता दिली. ब्रिटननं १९८० मध्ये मज्जाव उठवला. पुढच्या काळातल्या गोष्टी, अमेरिकी सरकारी कचेऱ्यांत केलेली घुसखोरी, त्यासाठी हबर्डच्या पत्नीसह वरिष्ठांना झालेल्या शिक्षा, संस्था सोडणाऱ्यांनी सांगितलेले छळाचे अनुभव, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांचा विसर मात्र पडू नये. शिकवण काय आहे हे न्यायालयानं तपासायचं नसतं, पण माणसांशी कसं वागलं गेलं हे तपासायचंच असतं.

काटा नसताना

लॅशलीला जे सापडलं नाही त्याच्या जवळपास आमचं क्षेत्र २०१२ मध्ये पोचलं. एमआयटीतल्या सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत, एखादी भीती शिकताना उंदराच्या मेंदूतल्या ज्या पेशी जाग्या झाल्या होत्या त्या नेमक्या प्रकाशानं पुन्हा जागवल्या, आणि भिण्यासारखं समोर काही नसताना उंदीर थिजून उभा राहिला. लॅशलीच्या कबुलीनंतर याला बासष्ट वर्षं लागली. तरी माणसाच्या दुःखाची आठवण पुसण्याची पद्धत आमच्याकडे नाही, आणि तशी असावी का याबद्दल माझं मत दर वर्षी बदलतं.

हबर्ड बासष्ट वर्षं थांबला नाही, आणि त्या सोफ्यांवर पडलेली माणसंही थांबू शकत नव्हती. विज्ञान सावकाश चालतं, दुःख आजचं असतं. या मधल्या जागेत सायंटॉलॉजी जन्मली. ही जागा अमेरिकेतच आहे असं नाही. आपल्या परदेशातल्या मंडळांच्या ग्रुपवरही क्वांटम शब्द घातलेली शिबिरं आणि पायऱ्यापायऱ्यांचे कोर्स दर आठवड्याला येतात. त्यांना हसण्याआधी तिथे कोण जातं आणि का जातं, हे विचारायला मी आता शिकते आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर अवघड भाग वेगळाच होता. आठवणींवर पीएच.डी. केलेल्या मुलीनं वडिलांना त्यांच्या भावाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तो प्रश्न हॉलिवूडच्या फुटपाथवरच्या एका अनोळखी पोरीनं विचारला. तिचा हेतू काहीही असो, प्रश्न तिनं विचारला.

आता रविवारच्या फोनवर मी विचारते. गेल्या महिन्यात बाबांनी सांगितलं की काकाकडे १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याची वर्तमानपत्रातली कात्रणं होती, तारीखवार चिकटवलेली. तो गेल्यावर आजीनं ती वही ट्रंकेत ठेवली. ती ट्रंक अजून गावच्या घरी माळ्यावर आहे. डिसेंबरात भारतात गेले की आम्ही दोघं मिळून ती उतरवणार आहोत.